'व्हॉलटाइल' हा शब्द शिकताना

कॉलेजच्या पहिल्या वर्षी 'व्हॉलटाइल' (volatile) हा इंग्रजी शब्द मला आधी रसायनशास्त्रात भेटला, मग संगणकाच्या तासाला आणि पुढे अर्थशास्त्राच्या पुस्तकात. शब्दकोशातलं 'अस्थिर' घेऊन बसलं तर यातली एकही जागा नीट उलगडत नाही. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की हे विशेषण एकटं पाठ करू नका. ते कोणत्या नामाला लागलंय ते आधी बघा.

मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'उडणे'. हा धागा हातात आला की बरंच सोपं होतं. रसायनशास्त्रात व्हॉलटाइल म्हणजे बाष्पनशील, चटकन वाफ होऊन उडून जाणारं. नेलपॉलिश काढायला वापरतात तो अ‍ॅसिटोन तसा आहे. तो ५६ अंश सेल्सिअसलाच उकळतो आणि बाटली उघडी राहिली तर साध्या तापमानालाही उडून जातो. पण रासायनिकदृष्ट्या तो चांगला स्थिर असतो. उलट नायट्रोग्लिसरीन फारसं उडत नाही, मात्र नुसत्या धक्क्यानेही त्याचा स्फोट होऊ शकतो. त्याला 'अनस्टेबल' म्हणायचं. हा फरक जिवाशी संबंधित आहे, त्यामुळे प्रयोगवहीत लिहिताना हे दोन शब्द एकमेकांच्या जागी कधीच वापरू नका.

संगणकात रॅम ही व्हॉलटाइल मेमरी: वीज गेली की तिच्यातलं सगळं गेलं. सी या प्रोग्रामिंग भाषेत याच नावाचा कीवर्डही, म्हणजे ठरावीक अर्थाचा राखीव शब्दही आहे. या व्हेरिएबलची (प्रोग्राममधल्या नाव दिलेल्या साठवणजागेची) किंमत प्रोग्रामच्या नकळत बाहेरून बदलू शकते, तेव्हा ती दर वेळी मेमरीतून नव्याने वाच, असं तो कंपायलरला, म्हणजे प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला बजावतो.

अर्थशास्त्रात एक जपा. व्हॉलटाइल बाजार म्हणजे पडलेला बाजार नव्हे. तिथे भाव झपाट्याने चढतात आणि तसेच उतरतातही. स्वभावाला लावला तर अर्थ होतो क्षणात भडकणारा, परिस्थितीला लावला तर केव्हाही चिघळेल अशी.

डुगडुगणाऱ्या टेबलाला मात्र हा शब्द चालत नाही, तिथे 'वॉबली' हवा. आज आहे, उद्याचं सांगता येत नाही अशा नोकरीला 'प्रिकेरियस' म्हणतात.

उच्चाराचंही सांगतो. जोर पहिल्या अक्षरावर येतो. ब्रिटिश बोलण्यात शेवट 'टाइल' ऐकू येतो, अमेरिकन बोलण्यात जवळजवळ 'टल'. त्याचं नाम 'व्हॉलटिलिटी', आणि त्यात जोर सरकून 'टि'वर जातो.