पर्सनल कलर शोधताना या चुका टाळा (सावळ्या, गव्हाळ रंगाच्या लोकांनी तर नक्कीच)

माझ्या मामेबहिणीच्या लग्नाचा बस्ता होता. तिने एक फिकट गुलाबी साडी हातात घेतली तर लगेच कोणीतरी म्हणालं, "सावळ्या रंगावर फिकं उठत नाही गं, ती विटकरी घे." घेतली विटकरी. दुकानातल्या पिवळ्या लाइटमधे बरी वाटली, पण घरी येऊन गॅलरीतल्या उजेडात खांद्यावर टाकली आणि तिचा चेहरा एकदम आजाऱ्यासारखा दिसायला लागला, डोळ्यांखालचं काळं वाढलं, ओठांभोवती पिवळट झाक आली. बाजूलाच मामीची जुनी वाइन कलरची साडी होती, तेवढीच गडद पण जांभळ्याकडे झुकणारी, ती टाकल्यावर तेच डोळे, तेच ओठ, आणि चेहरा स्वच्छ!

म्हणजे अडचण गडद-फिक्याची नव्हतीच, रंग उष्ण (पिवळट झाकेचा) की थंड (निळसर झाकेचा) याची होती. आपल्याकडे सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी हे सगळे शब्द त्वचा किती गडद आहे तेवढंच सांगतात, तिच्या आतली झाक म्हणजे अंडरटोन पिवळट आहे की निळसर-गुलाबी हे त्यातून कळत नाही. सावळी व्यक्ती कूल (थंड) असू शकते, वॉर्म (उष्ण) असू शकते, गोरीचंही तसंच. आपल्या चेहऱ्याला खुलवणारे रंग, म्हणजे पर्सनल कलर, शोधायच्या पद्धतीला सीझनल कलर अॅनालिसिस म्हणतात, त्यात तीन गोष्टी बघतात, रंग उष्ण की थंड, गडद की फिका, आणि चटक की मवाळ. स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर अशा चार सीझनचे प्रत्येकी तीन पोटभाग करून बारा सीझन होतात ते यावरूनच.

दुसरी चूक मला खरंच टोचते. कापड खांद्यावर टाकलं की आपण शोधतो काय, तर "कशात गोरी दिसते". ते शोधूच नका. चेहरा उजळ दिसणं आणि पांढुरका पडणं यात फरक आहे, चुकीचा रंगसुद्धा चेहरा फिका पाडतो आणि आपल्याला वाटतं छान दिसतोय. बघायचं ते हे, डोळ्यांखालची सावली कमी झाली का, नाकाच्या बाजूचा लालसरपणा आणि डाग मागे गेले का, जबड्याची रेघ नीट दिसते का, आणि नजर आधी चेहऱ्यावर जाते की कापडावर. कापडच आधी दिसत असेल तर तो रंग तुमचा नाही, कितीही आवडता असला तरी.

सीझनच्या नावांनीही गोंधळ होतो. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे तापलेला, पण या पद्धतीत समर म्हणजे थंड आणि मवाळ, धुरकट निळे, लव्हेंडर, फिके गुलाबी. ही नावं युरोप-अमेरिकेतल्या निसर्गावरून आलीत, तेव्हा आपला वैशाख डोळ्यांसमोर आणू नका. स्प्रिंग आणि ऑटम उष्ण, समर आणि विंटर थंड, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. अमेरिकेत कॅरोल जॅक्सन यांच्या पुस्तकामुळे १९८० पासून हे घराघरात पोचलं, आणि तेव्हापासून काळे केस काळे डोळे म्हणजे विंटर असा शिक्का सरसकट मारला जातो. तसं असतं तर जवळपास अख्खा भारत विंटर झाला असता! कितीतरी गव्हाळ चेहऱ्यांवर मोहरी, शेवाळी, विटकरी इतके सुंदर खुलतात की ते उघड उघड ऑटम असतात.

मनगटाच्या शिरा बघून ठरवू नका. त्वचा जितकी गडद तितका शिरेचा रंग नीट दिसत नाही, बऱ्याच जणांना त्या हिरवट दिसतात आणि लगेच "मी वॉर्म" असं ठरतं. फोनमधल्या अॅपचंही तेच, कॅमेरा स्वतःच रंग बदलतो, म्हणून सकाळी ऑटम आणि रात्री विंटर असं उत्तर येतं.

मग करायचं कसं? दिवसा, खिडकीसमोर, पण थेट ऊन नको. सगळे दिवे बंद. मेकअप नाही, टिकली आणि कानातलं काढा, केसांना मेंदी किंवा कलर असेल तर पांढऱ्या रुमालाने झाका, कारण मेंदीची तांबूस झाक उत्तर वॉर्मकडे ओढते. गाडी चालवून चेहरा रापला असेल तर मानेवरही लक्ष ठेवा. भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर मागे पांढरी चादर लावा, भिंतीचा रंग तोंडावर येतो. अंगातला ड्रेससुद्धा पांढरा किंवा करडा.

आणि एकच रंग बघून निर्णय नको, जोडी लावा. दोन्ही कापडं साधारण सारखीच गडद, फरक फक्त उष्ण-थंडाचा. पांढराशुभ्र आणि मोतिया, राणी आणि शेंदरी, वाइन आणि विटकरी, चंदेरी आणि सोनेरी कागद (प्रत्येक जोडीत पहिला थंड, दुसरा उष्ण). भराभर आलटून पालटून हनुवटीखाली धरा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचं काम बघायचे, तिथे काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार होती, आणि त्यांना आढळलं की रंगात खोट नाही, शेजारच्या रंगामुळे तो तसा दिसतोय. १८३९ मधे त्यांनी यावर पुस्तक काढलं. चेहऱ्याशेजारचं कापड तेच करतं, शिवाय खालून आपली झाकही टाकतं.

दोन्ही कापडांत चेहरा सारखाच दिसला तर घाबरू नका, तुम्ही उष्ण-थंडाच्या मधल्या न्यूट्रल भागात असाल, मग चटक-मवाळची जोडी लावा, म्हणजे गर्द निळा आणि धुरकट निळा. तरी कळत नसेल तर त्या दिवशी सोडून द्या, दहा-पंधरा कापडं बघितली की डोळे थकतात, दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी बघा.

आणि उत्तर मिळालं म्हणून कपाट रिकामं करू नका प्लीज. चेहऱ्याला लागून असतं ते ब्लाउज, ओढणी, कॉलर. माझ्या मामेबहिणीने ती विटकरी साडी फेकली नाही, तिच्यावर वाइन कलरचं बंद गळ्याचं ब्लाउज शिवलं आणि दागिने चांदीचे घातले, विटकरी रंग चेहऱ्यापासून लांबच राहिला.