वावरात राबणाऱ्यांनी उन्हापासून कातडी कशी जपायची आणि कोणता डाग, कोणती जखम अंगावर काढायची नाही

ऊन लागू नये म्हणून काय करायचं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते, डोक्याला दुपट्टा बांध, पन्हं पी, उपाशीपोटी बाहेर पडू नको. चांगलंच आहे ते, पण ते झालं तपनीसाठी. कातडी खराब करणारे किरण वेगळे, त्यांना युव्ही म्हणतात, ते डोळ्याला दिसत नाहीत न अंगाला गरमही लागत नाहीत, म्हणून गार वारा सुटला की आपण उघड्या हातांनी निवांत निंदत बसतो आणि कातडीचं नुकसान चालूच राहते. सुरकुत्या, काळे चट्टे, खरबरीत झालेली मान हे त्याचंच, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर काहींना कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२३ मध्ये सांगितलं की मेलॅनोमा (काळ्या डागाचा कॅन्सर) सोडून बाकीच्या स्किन कॅन्सरनं जे लोक मरतात त्यात जवळपास ३ मधला १ मृत्यू उन्हात काम केल्यामुळे होतो. म्हणजे हा विषय वावरातला आहे, वीटभट्टीवरचा आहे, तेंदूपत्ता तोडणाऱ्याचा आहे.

आपली कातडी सावळी, तिच्यातला रंग बऱ्यापैकी संरक्षण देते आणि गोऱ्या लोकांच्या मानानं आपल्याकडे हा कॅन्सर खूप कमी होतो हे खरं आहे, त्यामुळे घाबरून जायचं काही कारण नाही. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि आपल्यात तो बरेचदा अशा जागी निघतो जिथं कोणी बघतच नाही. ते खाली सांगतो, आधी उन्हाचं.

घड्याळापेक्षा सावली बघा

आपल्याकडे सगळ्यात जास्त तापते दुपारी ३-४ वाजता, म्हणून लोक म्हणतात सकाळी ११ पर्यंत काही होत नाही. पण युव्ही सगळ्यात जास्त असते सूर्य डोक्यावर आला की, म्हणजे विदर्भात सव्वाबाराच्या आसपास, आणि १० वाजल्यापासूनच ती जोरात असते. सोपी खूण अशी की स्वतःची सावली बघायची, सावली आपल्या उंचीपेक्षा बुटकी दिसली की किरण कडक आहेत, अंग झाकायचं किंवा सावलीत जायचं. मे च्या शेवटी तर नागपूरकडे भरदुपारी सावली पायाखालीच गडप होते, शून्य सावली दिवस म्हणतात तो, २६ मे च्या जवळपास, लगेच नवतपा, म्हणजे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, पण लागलेला असतो. त्या दिवसात जमेल तेवढं काम पहाटे ५ ते ९ आणि मग साडेचारनंतर. रोजीवर जाणाऱ्या बायांच्या हातात हे नसते, माहीत आहे, म्हणून ज्याचं वावर आहे त्यानं सकाळपाळी लवकर सुरू करून दुपारची सुट्टी मोठी द्यावी, काम तेवढंच होते.

आणि ढग आले म्हणून बिनधास्त होऊ नका. पातळ ढगातून युव्ही बरीच खाली येते, पावसाची उघडीप पडली की डवरणी-निंदणाची घाई असते आणि तेव्हाच लोकं सगळं उघडं टाकून कामाला लागतात. कापूस वेचायच्या दिवसात थंडी असते पण दिवसभर तोंडावर ऊन असतेच.

कपडा हाच पहिला इलाज

सनस्क्रीनच्या आधी कपडा, माझं तरी मत पक्कं आहे. आपल्या बाया साडीवरून घरातला जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात न, त्याच्याइतकी स्वस्त आणि चांगली गोष्ट दुसरी नाही, फक्त तो शर्ट घासून घासून जाळी झालेला नको. कपडा उजेडाकडे धरायचा, आरपार बोटं दिसली तर किरणही आरपार जातात. पातळ पांढरा सुती कपडा गार वाटते पण किरण फार अडवत नाही, घट्ट विणीचा गडद रंगाचा जास्त अडवते. गडद कपड्यात गरम होते हेही खरंच, त्यामुळे मधला मार्ग म्हणजे ढिला, घट्ट विणीचा, मध्यम रंगाचा सुती शर्ट, कॉलर वर केलेली, बाह्या मनगटापर्यंत. अजून एक, ओल्या सुती कपड्यातून किरण जास्त आत जातात. लू लागू नये म्हणून दुपट्टा भिजवून बांधणं बरोबरच आहे, ते सोडू नका, फक्त एकेरी न बांधता दुहेरी घडी करून बांधा.

दुपट्टा बांधताना कान आणि मानेची मागची बाजू झाकली पाहिजे. नुसती टोपी किंवा पुढं छज्जा असलेली कॅप घातली की कान, मान दोन्ही उघडे राहतात, आणि निंदताना वाकल्यावर मानेवर सरळ ऊन पडते. टोपीच घालायची असेल तर चारी बाजूनं ३-४ बोटं काठ असलेली. गाडीवर जाताना हाताचे पंजे विसरतात लोक, १०० रुपयांच्या आतले बाह्यांचे मोजे मिळतात बाजारात ते घाला. डोळ्यांना पण हेच ऊन लागते, मोतीबिंदू आणि डोळ्याच्या पांढऱ्यावर वाढणारा मांसाचा पडदा यात युव्हीचा हात असतो, तेव्हा गॉगल घेताना यूव्ही ४०० लिहिलेला बघून घ्या, नुसत्या काळ्या काचेचा उपयोग नाही.

खालच्या ओठावर ऊन जास्त पडते, तिथं सारखं सालपट निघत असेल, पांढरट झालं असेल आणि वरून खर्रा-बिडी चालू असेल तर तोंड दाखवून घ्याच. आणि खर्रा सोडा, तो ओठापुरता थांबत नाही.

लेकरांचं सांगायचं राहिलं. धुऱ्यावर निंबाला झोळा बांधून लेकरू निजवतात, आपण कामात असतो आणि सावली सरकते, तासाभरानं लेकरू उन्हात येते. झोळा बांधतानाच सावली कुठं जाणार ते बघा आणि मधूनमधून कोणीतरी जाऊन बघायचं ठरवून घ्या. ६ महिन्याच्या आतल्या बाळाला ऊन टाळणंच बरं, क्रीम लावत बसू नका.

सनस्क्रीन

परवडत असेल तर जरूर लावा, जे भाग झाकता येत नाहीत तिथं. एसपीएफ (किरण अडवायचं माप) ३० किंवा ५०, त्यावर ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे दोन्ही तऱ्हेचे युव्ही अडवणारं, लिहिलेलं. ३० वालं साधारण ९७ टक्के युव्हीबी (कातडी भाजणारे युव्ही किरण) अडवते आणि ५० वालं ९८, त्यामुळे महागड्याच्या मागं लागायची गरज नाही. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं लागते, एक ठिपका लावून काही होत नाही. निघायच्या १५-२० मिनिटं आधी लावायचं आणि घाम आला, तोंड धुतलं की परत, नाहीतर दर २ तासांनी. खोबरेल तेल, हळद, बेसन यानं ऊन अडत नाही. लिंबू चोळून उन्हात तर अजिबात जाऊ नका, लिंबाचा रस आणि ऊन मिळून कातडी भाजते आणि काळे डाग पडतात.

दुकानातून कोणीतरी सांगितलं म्हणून गोरं करायचं मलम आणू नका, कित्येकात स्टिरॉईड असते, पहिले काही दिवस चेहरा चमकते आणि मग कातडी इतकी पातळ होते की साधं ऊन सहन होत नाही. गाजर गवत उपटल्यावर तोंडावर, मानेवर खाजरी लाल-काळी कातडी झाली तर ते नुसतं ऊन नसू शकते, त्या गवताची ॲलर्जी असते, डॉक्टरला गवताचं नाव सांगा. ज्यांना कोड आहे त्यांनी पांढऱ्या डागावर जास्त काळजी घ्यायची, आणि जन्मापासून केस-कातडी सगळंच पांढरं असलेली मुलं तर उन्हात ठेवूच नयेत, त्यांना कॅन्सरचा धोका खरंच मोठा असतो, शाळेत खेळाच्या तासाला पण मास्तरांना सांगून ठेवा.

आता अंग तपासायचं

महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी बघा, पाठीचं घरातल्या माणसाला बघायला लावा. सावळ्या माणसाचा मेलॅनोमा, म्हणजे काळ्या डागाचा कॅन्सर, जास्त करून तळपाय, तळहात आणि नखाखाली निघते, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसते. तळपायावर नवीन काळा डाग आला, वाढतो आहे, काठ वेडेवाकडे, एकात दोन-तीन रंग, पेन्सिलच्या मागच्या रबरापेक्षा मोठा, असं काही असेल तर दाखवा. नखात काळी उभी पट्टी रुंद होत चालली आणि रंग नखाच्या मुळाच्या कातडीवर पसरला तर लगेच. भेगांच्या पायात हे दिसत नाही, पाय घासून धुऊन बघा.

दुसरं म्हणजे जुन्या जखमा. लहानपणी चुलीवर भाजलेलं, त्या व्रणावर वीस-तीस वर्षांनी जखम होऊन भरत नाही, त्यात कॅन्सर होऊ शकतो. कुष्ठरोग बरा झालेल्यांच्या तळपायाला समजत नाही म्हणून जखम वर्षानुवर्षं राहते, तिच्यातही. अशी जखम कडेनं उंच झाली, कडक लागली, रक्त किंवा वास येऊ लागला तर मलमपट्टी करत बसू नका. त्यावर बिब्याचं तेल तर मुळीच नको, ते अजून जाळते.

आणि हे आजीबाईंसाठी, मुद्दाम वाचून दाखवा. २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन म्हाताऱ्या बायांच्या केसेस छापल्या, कमरेला परकराचा नाडा किंवा लुगडं वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बांधून कातडी घासली गेली, जखम झाली, दीड-दोन वर्षं भरली नाही आणि तपासलं तर कॅन्सर. एकीला तो जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. म्हणून नाडा ढिला बांधा, रुंद पट्टीचा परकर घाला, बांधायची जागा बदलत राहा, घरी आल्यावर सैल करा. कमरेला काळा-पांढरा पट्टा पडला, सालपटं निघतात, तर जखम व्हायच्या आधीच ढिले कपडे. आपल्या बाया ही जागा डॉक्टरला दाखवायला लाजतात, सुनेनं किंवा लेकीनं सोबत जावं.

कोणतीही जखम, फोड, चट्टा महिनाभरात भरला नाही तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून पुढं पाठवतील. सेवाग्रामला, नागपूरच्या मेडिकलला, यवतमाळ-अकोल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला त्वचेची ओपीडी आहे, आणि नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे. डॉक्टर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात त्याला नाही म्हणू नका, सुई किंवा चाकू लावला की कॅन्सर पसरते ही भीती खोटी आहे, तुकडा काढल्याशिवाय नक्की कळतच नाही. लवकर सापडलं तर बहुतेक वेळा तेवढा भाग कापून काम होते. जाताना रेशनकार्ड, आधार आणि आयुष्मान कार्ड असेल तर ते सोबत न्या, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचा इलाज बसते, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो त्याला पहिल्याच दिवशी भेटा. आणि डागाचा आज मोबाईलमध्ये एक फोटो काढून ठेवा, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे पुढच्या महिन्यात वाढला की नाही ते डॉक्टरला दाखवता येते.