हृदय बंद पडून वाचलेल्यांचे स्नायूंचे झटके : घरी सराव कसा घ्यावा

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या माणसाचा हात पेल्याकडे नेताच उसळत असेल, तर तो त्याचा हट्ट किंवा भित्रेपणा नव्हे. मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने होणारा हा विकार लान्स आणि अ‍ॅडम्स या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये वर्णिला. शुद्ध हरपत नाही, पण हालचाल करताना किंवा दचकल्यावर झटके वाढतात, म्हणून घरच्यांनी मागून हाक मारू नये.

मेंदूविकारतज्ज्ञ सहसा लेव्हेटिरासिटाम, व्हॅल्प्रोएट किंवा क्लोनाझेपाम देतात. ती औषधे स्वतःहून अचानक थांबवू नयेत. सराव फिजिओथेरपिस्टला विचारून, बसूनच सुरू करावा : कोपरे टेबलावर टेकवून, झाकणाचा पेला दोन्ही हातांनी सावकाश उचलावा आणि थकवा येण्याआधीच थांबावे.

उभे राहणे मात्र खरे जोखमीचे, कारण पायांतला ताण क्षणभर सुटून गुडघे अचानक मोडतात. त्यामुळे कमरेला पट्टा बांधून, शेजारी एक माणूस ठेवूनच उभे करावे. नाशिकमध्ये पंचवटीतल्या जुन्या वाड्यांचे उंच जिने आणि गोदाघाटाच्या ओल्या पायऱ्या, रुग्णाला रामकुंडावर जाण्याची कितीही ओढ असली तरी, तोल स्थिर होईपर्यंत टाळाव्यात.