मुळाभोवतीच्या मातीत नवी बुरशी शोधताय? या चुका टाळा

कृष्णाकाठची काळी कसदार जमीन, मिरज-वाळव्याकडची क्षारपड, जत-आटपाडीची मुरमाड, महाबळेश्वरची जांभी. सांगली-साताऱ्यात सुमारे दोनशे किलोमीटरच्या आत माती इतकी बदलते, त्यामुळे पिकांच्या मुळाशी अजून नाव न मिळालेल्या बुरशी असतील ही अपेक्षा रास्त आहे. तरीही प्रयोगशाळेत 'नवी' म्हणून बाजूला ठेवलेल्या बहुतेक बुरशी पुढे जुन्याच निघतात. खरोखर नवी असलेली बुरशी मात्र नोंद अपुरी राहिल्यामुळे हातची जाते.

शेतकऱ्याला न विचारता कुदळ मारणे

हळदीच्या बेण्याला ट्रायकोडर्मा ही रोग रोखणारी बुरशी लावणं आता नेहमीचं झालंय. उसाला ठिबकमधून मायकोरायझा (मुळांशी जोडून वाढणारी बुरशी), सरीत जीवामृत किंवा शेणस्लरी सोडतात. अशा प्लॉटमधली बुरशी तुमच्या ताटलीत (पेट्री डिशमध्ये) वाढली, तर ती त्या मातीची की पुड्यातली हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून गेल्या दोन हंगामांत काय सोडलं, आळवणी कशाची केली, हे आधी विचारून घ्या. पुडा शिल्लक असेल तर त्यातली बुरशीही वाढवा आणि तुलनेला ठेवा. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाचं तांबं वरच्या थरात साठलेलं असतं, त्यामुळे तिथल्या ताटल्या विरळ दिसल्या तर दोष लगेच माध्यमाला (ताटलीतल्या बुरशीच्या खाद्याला) देऊ नका.

नमुना घेण्याची घाई

पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या मातीत जाऊ नये, वाफसा येऊ द्यावा. ओल्या चिकणमातीचं ढेकूळ मुळासकट निघतं आणि मुळाला चिकटलेली माती कुठली, लांबची कुठली हे सांगता येत नाही. वाफशावर सेलम हळदीचा गड्डा कुदळीने अलगद उचलला आणि दोन-तीनदा झटकला की सैल माती पडून जाते. बारीक पांढऱ्या मुळांवर मात्र एक-दोन मिलिमीटरचा थर सशाच्या लवेसारखा चिकटून राहतो. आपल्याला हवी ती माती हीच. वरची दोन सेंटिमीटर माती बाजूला सारून पाच ते वीस सेंटिमीटर खोलीवरची मुळं घ्या.

प्लॉटमधली किमान पाच झाडं घ्या, पण त्यांची माती एकत्र करू नका. खत-माती परीक्षणाची ती सवय इथे नडते. बुरशी पुन्हा हवी झाली तर कोणत्या झाडाकडे परत जायचं? प्रत्येक झाडाला वेगळी पिशवी द्या आणि दोन झाडांच्या मध्ये खुरपं सत्तर टक्के स्पिरिटने पुसा. पिशवीवर गाव, गट नंबर, अक्षांश-रेखांश, वाण, लागवडीची तारीख आणि मागचं पीक पेन्सिलने लिहा. शाई ओलीने पसरते.

पिशव्या गाडीच्या डिकीत टाकून संध्याकाळपर्यंत फिरू नका. बर्फाच्या पेटीत साधारण चार अंशांवर ठेवा आणि ४८ तासांत काम सुरू करा. बुरशी वाढवायची असेल तर ती माती गोठवू नका. डीएनएसाठीचा भाग मात्र वेगळा काढून उणे वीस अंशांवर ठेवा.

फक्त पातळ करून ताटलीत ओतणे

दहा ग्रॅम माती नव्वद मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात घालून ती हजारपट, दहा हजारपट पातळ करायची ही पद्धत सगळ्यांना पाठ असते. तिची खोट अशी, की जी बुरशी भरपूर बीजाणू टाकते तीच वर येते. मग ताटलीभर अॅस्परजिलस आणि पेनिसिलियम दिसतात. मुळाला धाग्यांच्या रूपात चिकटून राहणारी बुरशी त्यात हरवते. तिच्यासाठी बारीक मुळं निर्जंतुक पाण्यात आठ-दहा वेळा धुवा, टिपकागदावर कोरडी करा, दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करा आणि एका ताटलीत पाचच ठेवा. माझ्या मते नवं काही मिळण्याची शक्यता या तुकड्यांतच जास्त.

माध्यमाच्या चुका ताटली पाहूनच ओळखता येतात. दोन दिवसांत रायझोपस या झपाट्याने पसरणाऱ्या बुरशीने झाकण गाठलं, तर तिला आवरणारं रोझ बंगाल हे रंगद्रव्य कमी पडलंय. लिटरला साधारण ३३ मिलिग्रॅम लागतं. रोझ बंगालच्या ताटल्या उजेडात राहिल्या तर त्यात विषारी द्रव्यं तयार होतात आणि बुरशीच दबते, म्हणून त्या अंधारात ठेवा. बुळबुळीत जिवाणू माजले, तर बहुधा स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक गरम माध्यमात पडून निकामी झालंय. माध्यम ४५ ते ५० अंशांपर्यंत उतरल्यावरच ते घाला.

तिसऱ्या दिवशी ताटल्या फेकू नका. सावकाश वाढणारी वसाहत (एका जागी वाढलेला बुरशीचा ठिपका) दहाव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढी दिसते, कधी तिसऱ्या आठवड्यात. ताटल्या २५ ते २८ अंशांवर ठेवा. उन्हाळ्यात वीज जाऊन इनक्युबेटर तापला, तर तापमानाची नोंद करा. वाढीचा वेग हा वर्णनाचा भाग असतो आणि चुकीच्या तापमानावरचा वेग नोंदवला तर वर्णनच चुकतं.

पुढे न्यायची वसाहत एका बीजाणूपासून शुद्ध करा. दोन टक्के पाणी-आगरवर बीजाणू पसरा, १८ ते २४ तासांनी अंकुर फुटलेला एकच बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली उचला. दोन बुरशींची मिसळ 'विचित्र नवी प्रजाती' म्हणून लिहिली जाण्याचं मूळ याच टप्प्याचा कंटाळा आहे.

जी वाढणारच नाही तिची वाट पाहणे

आर्बस्क्युलर मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, ती ताटलीत शोधू नका. माती पाण्यात ढवळून ७१० ते ४५ मायक्रॉनच्या चाळण्यांतून ओता. मग निर्जंतुक वाळू-माती सारख्या प्रमाणात मिसळून कुंडीत भरा, चाळण्यांत राहिलेले बीजाणू त्यात घाला आणि ज्वारी लावा, मालदांडी चालते. सुपर फॉस्फेट किंवा डीएपी टाकू नका, स्फुरद वाढलं की मुळं बुरशीला थारा देत नाहीत. साधारण चार महिन्यांनी ताजे बीजाणू मिळतात. शेतातून थेट आलेले बीजाणू जुने, रंग बदललेले, भिंतीचे थर झिजलेले असतात. त्यावरून प्रजातीचं वर्णन लिहू नये.

हळदीच्या गड्डेकुजीतला पिथियमही बुरशी समजून यादीत घालू नका. तो ऊमायसीट आहे, वंशाने बुरशीपासून दूरचा.

डीएनएचा एकच तुकडा

काळ्या मातीतला ह्यूमस पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य नकला काढण्याची प्रक्रिया) अडवतो. पट्टी आली नाही तर आधी डीएनए दहापट पातळ करून पाहा. मुळाच्या तुकड्यांतून झाडाचाच डीएनए वाढत असेल, तर आयटीएस१ ऐवजी आयटीएस१-एफ प्रायमर (नक्कल सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) घ्या.

आयटीएस हा डीएनएचा भाग बुरशींचा अधिकृत बारकोड (ओळखखूण) २०१२ पासून मानला जातो. वंश (जीनस) सांगायला तो चांगला आहे, पण प्रजाती ठरवायला बऱ्याचदा अपुरा पडतो. ट्रायकोडर्माला टीईएफ१ आणि आरपीबी२ ही जनुकं लागतात, फ्युजेरियमलाही तेच. पेनिसिलियमला बीटा-ट्युब्युलिन, अॅस्परजिलसला कॅलमोड्युलिन. डेटाबेसमध्ये ९६ टक्के जुळलं म्हणजे नवी, हा हिशेब चुकीचा आहे. समोरच्या नोंदीचंच नाव चुकलेलं असू शकतं. तुलना टाइप नमुन्याच्या (ज्यावरून प्रजातीचं नाव ठरलं त्या मूळ नमुन्याच्या) डीएनए क्रमाशी करा, वंशवृक्ष काढा आणि शक्य असेल तर एकाऐवजी दोन-तीन झाडांतून आलेल्या वसाहती घ्या.

नाव देताना

नुसता डीएनए क्रम टाइप होऊ शकत नाही, नमुना लागतो. तो जिवंत वसाहत असून चालत नाही, तर वाळवलेला किंवा चयापचय थांबलेल्या अवस्थेत जपलेला लागतो. २०१९ पासून वसाहत टाइप असेल तर हे लेखात स्पष्ट लिहावं लागतं. १ जानेवारी २०१३ पासून मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरमसारख्या नोंदणीचा क्रमांक नसलेलं नाव वैध ठरत नाही. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीचा नमुना नेमलेल्या संग्रहालयात द्यावा लागतो. आपल्याला जवळचं ठिकाण पुण्याची आघारकर संशोधन संस्था. वाळवलेला नमुना तिथल्या आजरेकर कवक संग्रहालयात आणि जिवंत वसाहत राष्ट्रीय कवक संवर्ध संग्रहात, असे दोन वेगळे क्रमांक घ्या. गावाच्या किंवा जिल्ह्याच्या नावावरून नाव द्यायचं असेल, तर त्या वंशात ते आधी कुणी वापरलंय का हे लेख पाठवण्यापूर्वीच नोंदणीत तपासा.