सशाचे पाय सोलताना: शेवटच्या पेरापर्यंत जायचंच

टॅक्सिडर्मीसाठी, म्हणजे मेलेल्या प्राण्याचं कातडं भरून तो जिवंतासारखा उभा करण्यासाठी, ससा सोलताना पोट-पाठ सगळ्यांना जमते हो, गाडी अडते ती पंजात. माझ्या पहिल्या सशाला मी घोट्यापर्यंत आलो, कंटाळलो, पंजा तसाच सोडला आणि वरून मीठ चोळलं. चार-पाच दिवसांनी बोटांमधले केस हातात आले आणि वास तर विचारू नका. मीठ केसांच्या बाजूने आत जात नाही, ते कातड्याच्या आतल्या बाजूलाच लागावं लागतं.

ससा पाळीवच घ्या, फार्मवर मेलेला. रानससा रस्त्यावर मेलेला दिसला तरी उचलायचा नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे मेलेला सापडलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता असतो.

सोलायच्या आधी पाय कागदावर ठेवून पेन्सिलने कडा गिरवा आणि मांडी, नडगी, घोटा यांचा घेर दोऱ्याने मोजून लिहा, नंतर हा आकार कुठून आणणार? सामान थोडंच लागतं, सर्जिकल चाकूच्या तीन नंबरच्या हँडलला १५ नंबरचं ब्लेड, टोकदार छोटी कात्री, चिमटा, ग्लोव्हज आणि ओल शोषायला कॉर्नफ्लोअर.

पोटावरच्या चिरेतून मागचा पाय बाहेरून आत ढकला, गुडघा वर येतो. त्याच्याभोवती बोट फिरवून कातडं मोकळं करा आणि मग ओला मोजा उलटा काढतो तसं खाली खाली सरकवत न्या, ओढायचं कमी आणि ब्लेडने पांढरा पातळ पापुद्रा कापत जायचं जास्त, कारण सशाचं कातडं ओल्या कागदासारखं, जरा जोर लावला की फाटलंच. टाचेला जाड शीर असते, तिथे कातडं घट्ट बसलेलं असतं, तिथे ब्लेडची धार हाडाकडे ठेवा, कातड्याकडे नाही.

आता पंजा. मागे चार बोटं, पुढे पाच (अंगठ्याचं फार छोटं असतं, तेच विसरतात). एकेक बोट वेगळं उलटं करत शेवटच्या पेरापर्यंत जा आणि नखाच्या मागच्या सांध्यात कात्रीने कापा, म्हणजे नख आणि ते इवलंसं हाड कातड्यालाच राहतं. एका पंजाला मला अजूनही अर्धा तास लागतो. कुठे फाटलंच तर आतून बारीक टाका घाला, केसांत लपून जातं.

पायाची हाडं फेकू नका, मांस आणि शिरा तासून साफ करा, नंतर त्यांनाच कापूस गुंडाळून स्नायूंचा आकार द्यायचा असतो, मघाची मापं तेव्हा कामी येतात.

सशाच्या तळव्याला केसच असतात, गादी नसते, त्यामुळे सुटका. मांजर किंवा कुत्रा असेल तर तळव्याच्या गादीतली चरबी आतून पूर्ण खरवडायची, नाहीतर तिथेच सडतं. बकरीचं वेगळं, पायाच्या मागच्या बाजूने खुरापर्यंत उभी चीर द्यायची, खूर आणि त्याच्या आतलं हाड तसंच ठेवायचं.

सोलून झालं की कातडं उलटंच ठेवून प्रत्येक बोटात बारीक मीठ बोटाने दाबून भरा, दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून नवीन लावा. कातडं सुलटं करायची घाई नको, बोटं परत बाहेर काढताना चिमट्याने नख धरून हळू ओढा.