तणनाशकाचे अवशेष तपासताय? या चुका टाळा

आम्ही रातांब्यांचं आगळ करतो. फळं थोडी घरची, बाकी गावातून विकत घेतलेली. एका गिऱ्हाइकाने तणनाशकाचा रिपोर्ट मागितला. लॅबचा कागद बघून मी खूश, नावांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे ‘नॉट डिटेक्टेड’. गिऱ्हाइकाने एवढंच विचारलं, “ग्लायफोसेट कुठाय यात?” हे तणनाशक यादीत नव्हतंच!

चूक लॅबची नव्हती, मी मागितलेल्या तपासणीची होती. मी मागितली होती ‘मल्टी-रेसिड्यू’, म्हणजे एकाच वेळी अनेक औषधं शोधणारी तपासणी. तिच्यात बहुतेक ठिकाणी २००३ साली आलेली क्वेचर्स पद्धत वापरतात. नमुन्यात अॅसिटोनायट्राइल आणि क्षार घालून घुसळायचं, औषध वरच्या थरात आलं की तो थर मशीनवर चढवायचा. शेकडो औषधं अशी एका दमात सापडतात. पण ग्लायफोसेट पाण्याला इतकं धरून असतं की वरच्या थरात येतच नाही. त्याची वाफही होत नाही, त्यामुळे नमुन्याची वाफ करून तपासणाऱ्या जीसी-एमएस मशीनवर ते सरळ दिसत नाही. त्यासाठी आम्लयुक्त मिथेनॉलने अर्क काढून एलसी-एमएस/एमएसवर (वाफ न करता द्रवातूनच तपासणाऱ्या मशीनवर) बघणारी क्युपे पद्धत, नाहीतर एफमॉक हे रसायन जोडून केलेली तपासणी, असं वेगळं सांगावं लागतं. पैसेही वेगळे. पॅराक्वॉट या तणनाशकाचंही तसंच. टू-फोर-डी हे तणनाशक क्वेचर्समध्ये सापडतं, पण त्याचा एस्टर (दुसऱ्या रसायनाशी जोडलेलं रूप) किंवा फळात बांधला गेलेला भाग मोजायचा तर आधी अल्कलीने सोडवून घ्यावा लागतो.

स्वस्त म्हणून एलायझा किटकडे (प्रतिद्रव्यांनी औषध ओळखणाऱ्या चाचणीकडे) वळलात तर जरा थांबा. विहिरीच्या पाण्याची प्राथमिक चाचणी त्याने छान होते. आगळ मात्र आंबट आणि खारट. त्यात किटमधली प्रतिद्रव्यं बिचकतात आणि आकडा भलताच येतो. पातळ करून बघावं तर बारीक अवशेष निसटतात. किटने ‘आहे’ म्हटलं तरी एलसी-एमएस/एमएसवर खात्री करून घ्याच. तिथेही मीठ सिग्नल दाबतं, म्हणून समस्थानिक लावलेलं अंतर्गत मानक (त्याच औषधाचं, जड अणू असलेलं, नमुन्यात मोजून घातलेलं रूप) वापरता का, हे लॅबला विचारा. प्रश्न ऐकून समोरचा गडबडला तर दुसरी लॅब बघा.

माझी आणखी एक फजिती. नमुना स्वच्छ धुतलेल्या काचेच्या बाटलीतून पाठवला. ग्लायफोसेट काचेला चिकटतं, त्याला प्लास्टिकचीच बाटली हवी.

रिपोर्टमध्ये ‘एलओक्यू’चा, म्हणजे लॅब खात्रीने मोजू शकते त्या सगळ्यात कमी प्रमाणाचा, आकडा वाचा. युरोपात वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. लॅब ०.१ च्या खाली मोजतच नसेल तर अशा औषधापुढचं ‘नॉट डिटेक्टेड’ काय कामाचं? लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलची मान्यताही नुसत्या शिक्क्यावर नको, तिच्या यादीत तुमचं औषध आहे का ते बघा.

आणि नमुना देण्याआधी फळं विकणाऱ्याला विचारा, बेणणीऐवजी काय मारलंत? “गवताचं औषध” एवढंच उत्तर मिळेल. रिकामी बाटली दाखवायला सांगा, गोठ्यामागे कुठेतरी पडलेली असते.