पूर्वजाचं वय कागदावर जसं आहे तसं धरू नका

एकोणिसाव्या शतकातल्या पूर्वजाचा माग मृत्यूच्या नोंदीपासून मागे काढत जा. मात्र तिथलं वय हे काही ब्रह्मवाक्य नव्हे. ते सांगितलेलं असतं मुलाने नाहीतर शेजाऱ्याने, तेही अंदाजाने! शिरगणतीतही गफलत असते. ब्रिटनच्या जून १८४१च्या शिरगणतीत पंधरा वर्षांवरच्यांचं वय खालच्या पाचाच्या पटीत लिहायची सूचना होती. म्हणजे ३९ वर्षांचा माणूसही कागदावर ३५चाच. अशा वेळी वहीत जन्मवर्ष ‘१८०१ ते १८०६’ असं लिहा आणि माहिती कोणी दिली तेही शेजारी टिपा. एकाच नावाचे आजोबा-नातू आढळले, तर बायकोचं नाव ताडून पाहा. बहुतेक गुंता तिथेच सुटतो.